वाणाच्या कापडी पिशव्यांवर ठसे मारून खणाचे तुकडे लावायचे आहेत. रंग पक्का होण्यासाठी पिशवी मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवावी?

एक मिनिटसुद्धा ठेवू नका. ॲक्रिलिक रंगाला मीठ लागत नाही, तुरटी लागत नाही, व्हिनेगर लागत नाही. त्याला इस्त्री लागते.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मांजरपाटाच्या पिशव्या करायच्या, त्यांवर लाकडी आणि रबरी ठसे मारायचे, वर खणाचे तुकडे लावायचे. तर रंग कुठल्या कंपनीचा घ्यावा, मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवावं, आणि विकायच्या झाल्या तर किंमत काय लावावी. मधला प्रश्न वाचून राहवलं नाही. या मिठापायी सांगलीत चांगलं चांगलं काम वाया गेलेलं बघितलंय.

कापडाचा ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात मिसळलेले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगाची पूड. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटतात आणि धाग्याभोवती पातळ पापुद्रा धरतो. इस्त्रीच्या उष्णतेनं तो पुरता जुळून येतो आणि धाग्याला घट्ट बसतो. यात मिठाला कामच नाही. उलट पापुद्रा कच्चा असताना बादलीत घातलात तर पाणी आत शिरतं, पापुद्रा फुगतो, पांढुरका पडतो आणि कडेनं सुटायला लागतो. मीठ-तुरटी आली ती रंगाईच्या कामातून. सूत रंगवताना मीठ रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलतं. तुरटी मंजिष्ठेसारख्या झाडपाल्याच्या रंगाला सुताशी बांधते. तिथं ती हवीच. पण सूत रंगवणं वेगळं आणि कापडावर ॲक्रिलिकचा ठसा मारणं वेगळं.

सांगलीतल्या एका बचत गटानं संक्रांतीसाठी अगदी तुमच्यासारख्याच पिशव्या केल्या होत्या. क्लास घेणाऱ्या बाईंनी शिकवलं तसंच सगळं केलं: कोरं मांजरपाट आणलं, पिशव्या शिवल्या, संध्याकाळी ठसे मारले, खण चिकटवला, कोपऱ्यात रबरी शिक्क्यानं गटाचं नाव उमटवलं, रात्रभर गच्चीवर वाळवलं आणि सकाळी मीठ-तुरटीच्या बादलीत बुडवलं. बादलीतून निघालेल्या पिशव्या माझ्याकडे आल्या. कुयरीच्या कडा उडालेल्या, मधे पांढरट झाक, खणाभोवती गुलाबी ओघळ आणि नावाच्या जागी जांभळा डाग. बाईंचं म्हणणं, मीठ कमी पडलं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: चार वेगळ्या चुका झाल्या आणि मिठानं त्यातली एकही झाकली नाही.

पहिली चूक कापडाची. त्यातली एक पिशवी मी उसवली आणि भिंग धरून बघितली. रंग सुताच्या वरवर बसलेला होता, दोन धाग्यांमधल्या फटीवर नुसता पूल बांधल्यासारखा, आणि कापडाच्या उलट बाजूला रंगाचा ठिपकाही नव्हता. नखानं उचललं की खपली निघत होती. कारण खळ. कोऱ्या मांजरपाटात मागावरची खळ असते, म्हणजे विणताना सूत तुटू नये म्हणून लावलेली पेज, मग ते इचलकरंजीचं असो की विट्याचं. ती सुताला वेढून बसते आणि रंग आत जाऊ देत नाही. म्हणून कापड आधी धुवायचं. एका मीटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडी साबणपूड, पाणी उकळतं, अर्धा तास बुडवून ठेवायचं, मग दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढायचं. नीळ नको. कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड तर अजिबात नको, तेही सुतावर थर धरतं. कापड वाळलं की त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा धुवा. या धुण्यात कापड मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर आटतं, कधी जास्तही, तेव्हा बेतायचं आणि शिवायचं ते यानंतर. पिशवी तयार आणली असेल तर ती तशीच धुवा आणि आत पुठ्ठा सरकवून मग ठसा मारा, नाहीतर रंग मागच्या पदराला लागतो.

दुसरी चूक गच्चीची. जानेवारीच्या रात्री सांगलीत गारठा असतो, साताऱ्याकडे त्याहून जास्त. पारा दहा अंशांच्या आसपास आला की ॲक्रिलिकचे कण नीट जुळत नाहीत. रंग हाताला कोरडा लागतो, पण पापुद्रा तडकलेला आणि ठिसूळ राहतो. वर दंव पडतं ते निराळंच. घरात वाळवा, सावलीत, पूर्ण एक दिवस.

तिसरी चूक खणाची, आणि ही सगळ्यांकडून होते. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असला किंवा यंत्रमागावरचा, लाल आणि जांभळा बहुधा रंग सोडतोच. पांढरं सुती फडकं ओलं करून तुकड्यावर जोरात घासा. फडकं लाल झालं तर तुकडे गरम पाण्यात साबण घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. धुऊनही रंग जातच राहिला तर तो खण पिशवीवर लावूच नका, भिंतीवरच्या चौकटीसाठी ठेवा. इथेही मीठ कामाचं नाही. जो रंग सुताला चिकटलेलाच नाही तो धुऊनच काढावा लागतो.

त्याआधी खणातला एक धागा काढून जाळून बघा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा आकसतो, वितळतो आणि कडक गोळी उरते. कापड पेठेत दोन्ही मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. पॉलिस्टरच्या खणाला सुती कापडाची इस्त्री लागली की तो आकसला म्हणून समजा, आणि खणातली हल्लीची जरीची तार काळवंडते. म्हणून क्रम असा: आधी ठसा, मग वाळवणं, मग इस्त्री, आणि खण शेवटी. बाईंच्या क्लासात खण आधी चिकटवला होता. त्यामुळे नंतर इस्त्री करायची सोयच उरली नव्हती, आणि मला वाटतं मीठ तिथूनच घुसलं.

खणाच्या कडा फार उसवतात. शिंप्याकडे मिळतं ते फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, मागून लावा, मग कापा, कडेनं काजटाका घाला किंवा वाकळीला घालतो तसा धावदोरा. नुसत्या फेव्हिकॉलवर विसंबू नका. पांढरा फेव्हिकॉल कापडातून वर झिरपतो, वाळल्यावर डाग दिसतो आणि धुतल्यावर सुटतो. भिंतीवरच्या चौकटीला चालेल, पिशवीला नाही. तिथेही लावायचा तर तो चौकटीतल्या बोर्डाला लावा, कापडाला नको, आणि बोर्डाला आधी दोन्ही बाजूंनी प्रायमर द्या. एकाच बाजूनं दिलात तर पावसाळ्यात बोर्ड वाकतो.

चौथी चूक शिक्क्याची. कचेरीतल्या स्टॅम्प पॅडची जांभळी शाई पाण्यात विरघळणारी असते. तिला पाणी लागलं, ओला गोंद लागला, वरून वार्निश दिलं, की ती पसरणारच. रबरी शिक्का खुशाल करून घ्या, पण त्याला रंग लावा कापडाचाच, स्पंजनं, अगदी पातळ. अक्षरं आठ-दहा मिलिमीटर उंचीची मागा. त्याहून बारीक अक्षर मांजरपाटाच्या विणीत हरवतं. वापरून झाला की ओल्या फडक्यानं लगेच पुसा. थिनर लावलात तर रबर फुगतं.

आता ठसा मारण्याचं, कारण ‘कडा पसरतात’ असंही तुम्ही लिहिलंय. रंगात पाणी घालू नका. पाणी घातलं की रंग धाग्याधाग्यानं पळतो आणि कुयरीला मिशा फुटतात. साधा ॲक्रिलिक वापरत असाल तर दोन भाग रंगाला एक भाग फॅब्रिक मीडियम, म्हणजे साधा ॲक्रिलिक कापडाजोगा करणारं द्रावण. कापडाचाच रंग असेल तर काही न घालता. दाटपणा घट्ट बासुंदीइतका. ताटलीत पाच-सहा मिलिमीटर जाडीचा फोम, त्यावर सुती फडकं ताणून, त्यावर ब्रशनं रंग पसरा आणि ठसा या गादीवर दोनदा हलका टेकवा. बुडवू नका. बुडवला की नक्षीच्या खाचा भरतात आणि फूल उमटायच्या जागी गोळा उमटतो. पहिले दोन ठसे रद्दीवर जाऊ द्या.

खाली काय आहे त्यावर निम्मं काम असतं. लाकडी ठशाला टेबलावर दुहेरी घडीचं जुनं ब्लँकेट हवं, वर ताणून बसवलेलं कापड. फरशीवर किंवा नुसत्या टेबलावर लाकूड कडांनाच टेकतं, मधला भाग कोरा राहतो. पिशवीत सरकवायच्या पुठ्ठ्यावर म्हणूनच ब्लँकेटचा तुकडा गुंडाळा. रबरी ठसा मुळात मऊ, त्याला खाली दोन-तीन मिलिमीटर पुरे. जास्त मऊ दिलंत तर रबराची कडही छापली जाते. ठसा सरळ ठेवा, तळहाताच्या टाचेनं एकदा ठाम दाबा, सरळ वर उचला. हलवायचा नाही, डोलवायचा नाही.

नवा लाकडी ठसा आधी गोडेतेलात रात्रभर ठेवून पुसून घ्या, लाकूड रंग पीत नाही आणि तडकत नाही. काम झालं की जुन्या टूथब्रशनं खाचा लगेच घासा. ॲक्रिलिक खाचेत वाळला की टोकरून काढावा लागतो आणि नक्षी तुटते. पण धुवायचा म्हणून ठसा पाण्यात भिजत ठेवू नका, लाकूड वाकतं. उन्हाळ्यात काम करत असाल तर पंखा बंद ठेवा आणि मधे थांबताना रंगाच्या गादीवर ओलं फडकं टाका. सांगलीच्या एप्रिलमध्ये रंग बघता बघता सुकतो.

इस्त्री अशी. ठसा मारून पूर्ण एक दिवस झाला की कापड उलटं करा, इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर, वाफ बंद, आणि प्रत्येक भागावर फिरती ठेवून तीन ते पाच मिनिटं. सरळ बाजूनं करायचीच असेल तर मधे मलमलचं फडकं. घाईत नुसता एक हात फिरवला तर उपयोग नाही, आणि इस्त्रीऐवजी ऊन चालत नाही. आपल्याकडचं ऊन कितीही कडक असलं तरी इस्त्रीच्या जवळपास जात नाही. त्यानंतर तीन दिवस पाणी लावू नका.

मीठवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: ‘आम्ही कायम मीठच वापरतो आणि आमचा रंग टिकतो.’ टिकतो, कारण पिशवी देण्याआधी तुम्ही ती इस्त्री करून देता. काम इस्त्रीनं केलं आणि नाव मिठाचं झालं. ज्यांना पटत नाही त्यांनी धुतलेल्या मांजरपाटाच्या चार पट्ट्या घ्याव्यात. चारींवर एकच ठसा, एकच रंग. एकीला फक्त मीठ, एकीला फक्त इस्त्री, एकीला दोन्ही, एकीला काहीच नाही. मग चारी पट्ट्या ब्रश मारून पाच वेळा धुवाव्यात. इस्त्रीच्या दोन पट्ट्यांमध्ये फरक दिसणार नाही, आणि मिठाची पट्टी ‘काहीच नाही’च्या शेजारी बसेल. हे मी त्या बाईंनाही सांगितलं होतं. शिकवणाऱ्यानं एवढं तरी करून बघायला हवं, कारण कापड, रंग आणि मेहनत शिकणाऱ्यांची जाते.

अजून एक हौस हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे वाणाच्या पिशवीवर पिवळा रंग हळदीचाच हवा असं बऱ्याच जणींना वाटतं. भावना समजते, पण पिशवीवर नको. हळद साबणाच्या पाण्यात लाल होते आणि उन्हात फिकी पडते, तुरटी घालूनही ऊन तिला सोडत नाही. पिवळा बाटलीतला घ्या.

काही गोष्टी राहिल्या. गडद कापडावर हे रंग बुडतात, तिथं आधी पांढरा ठसा, तो वाळला की त्यावरच नेमका दुसरा. थ्रीडी आउटलाइनरवर, म्हणजे नळीतून काढलेल्या उठावाच्या रेघेवर, इस्त्री थेट टेकवायची नाही. आणि मिठाबद्दल इतकं बोलले, तरी तुम्ही ॲक्रिलिक सोडून सुती कापड पाण्यातल्या रिॲक्टिव्ह रंगात रंगवणार असाल, तर तिथं मीठ आणि सोडा दोन्ही लागतात. तो निराळा उद्योग आहे.

कंपनीचं म्हणाल तर फेव्हिक्रिल किंवा कॅमल, जो ताजा मिळेल तो. बाटली हलवून बघा, तळाशी गोळा बसला असेल तर घेऊ नका. मोठा संच नको. तीन रंग आणि पांढरा पुरतो. १५ मिलिलिटरच्या बाटलीत पाच सेंटिमीटरचे साधारण तीस-चाळीस ठसे निघतात. किमतीचं तुमच्या गावचं गिऱ्हाईक बघून तुम्हीच ठरवा, फक्त वेळ मोजताना इस्त्री विसरू नका: चार-पाच ठशांच्या एका पिशवीला पाव तास सहज जातो.