१९८६ की दुसरं कुठलं? माझं मत १९८०ला

प्रश्नकर्त्याने विचारलंय : "महिनाभर झाला मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीत, ऐकायला लागून. जो तो म्हणतो १९८६ हे मेटलचं सगळ्यात मोठं वर्ष. खरंय का? तुम्ही एकच वर्ष निवडलंत तर कोणतं?"

जो तो म्हणतो त्यात खोटं काही नाही. १९८६च्या मार्चमध्ये मेटॅलिका या बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा अल्बम आला, ऑक्टोबरमध्ये स्लेयर या बँडचा 'रेन इन ब्लड'. एका वर्षाने आणखी काय द्यायचं? पण १९८६ म्हणजे वाढलेलं ताट. चूल पेटली ती १९८०मध्ये, आणि पेटली इंग्लंडात. म्हणून माझं मत १९८०ला.

त्या वर्षाची सुरुवातच संपाने झाली. २ जानेवारीला ब्रिटनच्या सरकारी पोलाद कारखान्यांतले कामगार देशभर संपावर गेले. संप तेरा आठवडे चालला, एप्रिलच्या सुरुवातीला मिटला आणि १४ एप्रिलला जुडास प्रीस्ट या बँडचा अल्बम दुकानात आला. नाव काय, तर 'ब्रिटिश स्टील', म्हणजे त्या सरकारी पोलाद कंपनीचंच नाव. यातली बहुतेक मंडळी बर्मिंगहॅम-वॉल्सॉलच्या भट्ट्यांच्या धुरात वाढलेली. गिटारवाला ग्लेन टिप्टन तर बँडमध्ये येण्याआधी त्याच पोलाद कंपनीत नोकरीला होता.

रेकॉर्डिंग मात्र एका आलिशान बंगल्यात झालं. टिटनहर्स्ट पार्क, आधी जॉन लेननचा, मग रिंगो स्टारचा. आज जो आवाज माऊसच्या एका क्लिकवर मिळतो, तो तेव्हा हाताने काढावा लागे. काच फुटल्याचा आवाज हवा होता, म्हणून यांनी दुधाच्या बाटल्या आपटून फोडल्या. 'मेटल गॉड्स' या गाण्यात लोखंडी यंत्रमानव पावलं टाकत येतात. ती पावलं म्हणजे काटे-चमचे-सुऱ्यांनी भरलेला ट्रे, माइकपुढे धरून खळाखळा हलवलेला!

माझे वडील चिंचवडला एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून घडवतात त्या विभागात, होते. कॉलेजात असताना मी हे गाणं घरी मोठ्याने लावलं होतं. ते आवाज कमी कर म्हणायला आले आणि दारातच थबकले. म्हणाले, "हे कुठल्या शॉपमधलं रे?" मेटलची याहून चांगली समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

प्रेस शॉपचा विषय निघालाच आहे तर ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याचं सांगतो, जरी ती गोष्ट पंधरा वर्षं आधीची असली तरी. १९६५मध्ये, सतरा वर्षांचा असताना, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. पठ्ठ्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. तारा बारीक लावल्या, ढिल्या केल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, खोल आवाज पुढे असाच घडत गेला. हे ऐकल्यावर वडील इतकंच म्हणाले, "आमच्याकडे अशी बोटं गेलेले चार जण आहेत. गिटार कुणी धरलं नाही."

तर १९८०. सॅबथने आदल्या वर्षी गायक ऑझी ऑस्बर्नला दारू आणि नशेपायी हाकलून दिलं होतं. सगळ्यांनी बँड संपला असं धरलं. जागेवर आला रॉनी जेम्स डिओ, बुटकासा, इटालियन वंशाचा अमेरिकन, गळा असा की कॉन्सर्टमध्ये माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जावं. एप्रिलमध्ये 'हेवन अँड हेल' आला आणि आयोमीच्या त्याच काळ्याकुट्ट गिटारवर पहिल्यांदाच कुणीतरी मोकळ्या गळ्याने गायलं. ऑझी स्टेजवरून दोन बोटांनी शांततेची खूण करायचा. डिओला आपली वेगळी खूण हवी होती, म्हणून त्याने तर्जनी आणि करंगळी वर केली. ही खूण त्याच्या आजीची. कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून ती करायची! आज जगभर पोरं कॉन्सर्टमध्ये जी शिंगं दाखवतात, ती त्याच्यामुळे पसरली. थोडक्यात सगळं पब्लिक मिळून एकमेकांची दृष्ट काढत असतं. फक्त मीठ-मोहऱ्या तेवढ्या नसतात.

हाकललेला ऑझी गप्प बसला का? सप्टेंबरमध्ये त्याचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आला. सोबत रँडी ऱ्होड्स नावाचा तेविशीचा पोरगा. त्याच्या आईची कॅलिफोर्नियात संगीताची शाळा होती, आणि हा दौऱ्यावर असतानाही गावोगावी क्लासिकल गिटारचे शिक्षक शोधून शिकवणी घ्यायचा. एका बँडचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही वाढले, असं क्वचित होतं.

एसी/डीसी या बँडला मेटल म्हणावं का यावर भांडणं आहेत, मी त्यात पडत नाही. पण त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारीला गेला आणि जुलैअखेर नव्या गायकाला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' आला. मुखपृष्ठ काळं, सुरुवातीला घंटा. ती घंटा लफबरो गावातल्या ओतशाळेत बनली. आधी गावच्या मनोऱ्यातल्या घंटेवर रेकॉर्डिंग करून पाहिलं, पण प्रत्येक टोल्याला पक्षी फडफडत उडायचे. शेवटी ओतशाळेतच माइक लावले.

हे झाले जुने. त्यांच्या जोडीला त्याच वर्षी पोरसवदा टोळी आली. तिला 'साऊंड्स' या साप्ताहिकाने आदल्याच वर्षी ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट असं नाव दिलं होतं. आयर्न मेडनचा पहिला अल्बम, तोही १४ एप्रिललाच. टीव्हीवर बोलावलं तर म्हणाले, ओठ हलवायचं नाटक करणार नाही, खरंच वाजवू. 'टॉप ऑफ द पॉप्स'वर १९७२मध्ये द हू या बँडने असं केलं होतं, त्यानंतर यांनीच. सॅक्सनने एका वर्षात दोन अल्बम काढले. गर्लस्कूल या चार मुलींच्या बँडचा पहिला अल्बमही याच वर्षी आला. मोटरहेडचा 'एस ऑफ स्पेड्स' आला. मुखपृष्ठावर अमेरिकन वाळवंटात उभे राहिल्यासारखे तिघे प्रत्यक्षात लंडनजवळच्या वाळूच्या खाणीत उभे आहेत.

पण मला सगळ्यात जवळचा बँड डायमंड हेड, याच नव्या लाटेतला. मोठी कंपनी मिळेना, तेव्हा यांनी अल्बम स्वतःच छापला. हजार प्रती, कोऱ्या पांढऱ्या पाकिटात, त्यावर बँडचं नावही नाही. सही तेवढी, चौघांपैकी कुणा एकाची. टपालाने विकला. तो ऐकून वेडा झालेला एक डॅनिश मुलगा १९८१च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाहून विमान पकडून त्यांना बघायला लंडनला गेला आणि ओळख ना पाळख, त्यांच्याचकडे राहिला. परत जाऊन त्याने मेटॅलिका काढली. तो लार्स उलरिक. तुमचं १९८६ या पांढऱ्या पाकिटातून निघालंय.

१९८०च्याच १६ ऑगस्टला इंग्लंडात डॉनिंग्टनच्या मोटार शर्यतीच्या मैदानात 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' हा महोत्सव पहिल्यांदा झाला. रेनबो, स्कॉर्पियन्स, प्रीस्ट, सॅक्सन एका दिवसात. दिवसभर निव्वळ हार्ड रॉक आणि मेटल, दुसरं काही नाही. आणि सप्टेंबरच्या २५ तारखेला लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम वारला. डिसेंबरमध्ये त्यांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. मेटल जिच्या पोटी जन्मलं त्या पिढीने घर रिकामं केलं, तोवर पोरांनी स्वतःचं बिऱ्हाड थाटलेलं होतं.

आयर्न मेडन १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत बीकेसीला वाजवून गेले. मी पुण्याहून एसटीने गेलो होतो. शेजारी एक काका होते, पन्नाशीचे, इनशर्ट केलेले, ऑफिसची बॅग खांद्याला. सगळी गाणी तोंडपाठ. मी विचारलं, कधीपासून ऐकता? म्हणाले, "भाऊ बोटीवर होता, त्याने पहिली कॅसेट आणली तेव्हापासून."

ऐकायला सुरुवात 'ब्रिटिश स्टील'पासून करा, मग 'हेवन अँड हेल', मग डायमंड हेड. हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर नको. बाटल्या फुटतात तिथे एकदा मागे जाऊन परत ऐका.