अनुमान म्हणजे अंदाज नव्हे

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: 'लॉ सीईटीच्या सरावात "उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते?" असा प्रश्न येतो. अनुमान म्हणजे अंदाजच ना? मग सगळ्यांत पटणारा पर्याय चुकतो कसा?'

घोळ बोलण्यातला आहे. पावसाचे अनुमान, खर्चाचे अनुमान असे आपण सर्रास म्हणतो. पण अनु + मान म्हणजे आधीच्या ज्ञानामागून येणारे ज्ञान. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्काच्या जुन्या परंपरेत, ते प्रत्यक्षानंतरचे दुसरे प्रमाण, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याचे साधन. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी हे ठाऊक आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून ओळखायचे ती खूण; 'जिथे धूर तिथे अग्नी' हा नियम ही व्याप्ती. परीक्षेत हेतू उताऱ्यातच सापडायला हवा, एवढाच काय तो फरक.

समजा, वाक्य आहे: 'ठाण्याहून वाशीला जाणारी प्रत्येक लोकल घणसोलीला थांबते.' जी घणसोलीला थांबत नाही ती ठाणे-वाशी लोकल नव्हे, हे झाले अनुमान. घणसोलीला थांबणारी प्रत्येक लोकल वाशीला जाते, हे नव्हे. पनवेलची गाडीही तिथे थांबतेच की! घाईत हीच उलटापालट होते. 'घणसोलीला गर्दी असते' हा पर्याय अनुभवाने पटेल, पण वाक्यात गर्दीचा पत्ताच नाही.

ताळा सोपा आहे. पर्याय नकारार्थी करून उताऱ्याशेजारी ठेवा. दोघांचे भांडण लागले तर अनुमान पक्के. गुण्यागोविंदाने नांदले तर पर्याय खोडा.

गृहीतक वेगळे. 'आठची लोकल चुकली, म्हणून वाशीचा पेपर हुकणार' यात दुसऱ्या कशानेही वेळेत पोचता येत नाही, हे न बोलता धरलेले आहे. ते युक्तिवादाच्या खाली असते, अनुमान त्याच्या पुढे.

मराठी पेपरात 'काही' जपून वाचा. 'काही वकील ठाण्याचे आहेत' म्हटले की बोलताना आपण 'सगळे नाहीत' असेही ऐकतो. तर्काच्या प्रश्नात 'काही' म्हणजे निदान एक. सगळेही असू शकतात. आणि 'सगळे विद्यार्थी आले नाहीत' या वाक्याचे तर दोन अर्थ होतात: एकही आला नाही, किंवा काही आले, काही नाही. पुढे-मागे उलगडा नसेल, तर दोन्ही अर्थांत टिकणारा पर्यायच घ्यावा.