शब्दांनी सांगितलंय ते काढू नकोस

मुली,

तुझ्या मुलांच्या चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे कच्ची प्रत, पाहिली. सातव्या पानावर मजकूर आहे, ‘बाहेर धो धो पाऊस. मनी खिडकीत बसून आईची वाट बघत होती.’ आणि चित्रात? पाऊस, खिडकी, मनी, शिवाय वर फुग्यात आई. लेखिकाबाई म्हणाल्या सगळं आलं पाहिजे, तू सगळं काढलंस. आता विचारतेस, चित्र मेल्यासारखं का दिसतं!

शब्दांनी सांगितलंय ते काढू नकोस. खुंटीला आईची छत्री लटकलेली दाखव. मजकुरात छत्री कुठेच नाही. वाचता न येणारं पोर ती आधी हेरेल आणि आजीचं वाचन थांबवून ओरडेल, ‘अगं, आई भिजणार!’

पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायची लोककला, बघून ये. ठाण्याहून कोकणातली गाडी धर, कुडाळला उतर. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. समोर एका वेळी एकच चित्र धरलेलं. ते हलत नाही. सगळी हालचाल गाणाऱ्याच्या गळ्यात. दोघं एकमेकांचं काम हिसकावत नाहीत. मोबाइलवर पाहून हे कळायचं नाही.

वॉटरकलर की डिजिटल, हे मला विचारू नकोस. काहीही वापर.

पान उलटण्याकडे मात्र लक्ष दे. आठ ए-फोर कागद मधोमध दुमडले की ३२ पानं होतात. टाचून घे आणि शेजारच्या चार-पाच वर्षांच्या पोराला वाचून दाखव. उजव्या पानाशी आल्यावर त्याचा हात पुढे येतो का बघ. येत नसेल तर तू तिथेच सगळं सांगून टाकलंयस. पुन्हा तेच!

पोटाचं काय, असंही लिहिलंयस. याच हट्टापायी एका प्रकाशकाने माझं काम बंद केलं. मजकुरात कावळा पापड पळवतो. मी गच्चीवरच्या वाळवणात पापडाएवढी मोकळी जागा ठेवली, कावळा काढला नाही. त्यांनी तो दुसऱ्याकडून काढून घेतला. मग मी शाळांचे तक्ते रंगवून घर चालवलं. करायची पुस्तकं राहून गेली, त्याचं दुःख आहेच. पण ती मोकळी जागा बरोबर होती, आजही मी तशीच ठेवीन.

लेखिकाबाईंशी भांडू नकोस. छत्रीचं कच्चं चित्र समोर ठेव, मजकूर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांग आणि तू गप्प बस. रविवारी नौपाड्यात ये, फुगा खोडलेलं पान घेऊन.