आवडता बेसबॉल संघ प्लेऑफमध्ये हरल्यावर मन सावरत नाही, काय करावे?

सिएटल मरिनर्स वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत नेणारा निर्णायक सातवा सामना हरून तीन आठवडे झाले तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच एक फटका डोळ्यांसमोर येतो, घरचे ‘खेळच तर आहे’ म्हणून विषय संपवतात, तेव्हा एवढे वाईट वाटून घेणे वेडेपणाचे आहे का, असे आपण विचारले आहे. मी सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ राहतो आणि याच संघाच्या मागे आहे. माझ्या मते यात वेडेपणा अजिबात नाही.

20 ऑक्टोबर 2025 ला आमच्याकडे लक्ष्मीपूजन होते. सामना टोरोंटो ब्लू जेज संघाविरुद्ध टोरोंटोत होता आणि आपल्याकडे संध्याकाळी पाचनंतर सुरू झाला. हुलिओ रॉड्रिगेझ आणि कॅल रॉली यांच्या होम रनमुळे (चेंडू थेट मैदानाबाहेर मारून मिळवलेल्या धावांमुळे) आपला संघ 3-1 असा पुढे होता, म्हणून पूजा थोडी थांबवू, असे घरात ठरले. नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये टोरोंटोचे दोन खेळाडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण होण्याआधीच्या थांब्यांवर, पोहोचले, आपला गोलंदाज ब्रायन वूच्या जागी एडुआर्ड बझार्डो आला आणि जॉर्ज स्प्रिंगरने त्याचा चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला; एका फटक्यात तीन धावा. वर्ल्ड सिरीजला जाण्यासाठी आपल्याला फक्त आठ आउट हवे होते. माझी मुलगी परकर-पोलक्यावर संघाचा टी-शर्ट चढवून निरांजनात तूप घालत होती; तिची नजर टीव्हीवर खिळली आणि तूप तबकभर सांडले. सामना 4-3 असा संपल्यावर पूजा झाली, आरतीही झाली, पण टीपॉयवरची चिवड्याची वाटी सकाळी तशीच भरलेली होती.

बाहेरच्या माणसाला हे दुःख एका सामन्याचे वाटते. 1977 पासून खेळणारा आपला संघ मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या तीस संघांपैकी एकमेव असा आहे, जो वर्ल्ड सिरीजपर्यंत कधीच पोहोचलेला नाही. 2001 मध्ये हंगामात 116 सामने जिंकूनही न्यूयॉर्क यांकीजने आपल्याला बाहेर काढले, आणि 2022 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध आपल्याच मैदानावर अठरा इनिंग खेळून आपण 1-0 असे हरलो. हा सगळा भार त्या फटक्यात होता. तरीही मला वाटते की मुख्य कारण वेगळे आहे. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत 162 सामने, म्हणजे जवळजवळ रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना रेडिओवर समालोचक रिक रिझ यांचा आवाज असतो. जिंकले-हरले याकडे कित्येकदा लक्षही नसते. आवाज घरात असतो एवढेच. सहा-सात महिने रोज येणारे माणूस एका रात्रीत यायचे बंद झाले, तर घराला करमणार कसे?

आपल्या घरच्यांना हे क्रिकेटच्या भाषेत सांगून पाहा. 19 नोव्हेंबर 2023 ला सलग दहा सामने जिंकून आलेला भारत अहमदाबादला ऑस्ट्रेलियाकडून अंतिम सामना हरला, तेव्हा मीही दोन दिवस धड जेवलो नव्हतो; पण चारच दिवसांनी विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी मालिका सुरू झाली आणि मन आपोआप तिकडे वळले. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. हंगाम संपला की पुढे काही महिने शांतताच असते, आणि त्या शांततेत मन पुन्हा पुन्हा त्याच चेंडूपाशी जाते.

मला कशाने बरे वाटले, ते सांगतो. पहिल्या आठवड्यात मी फोनवरच्या दोन गटांमध्ये मध्यरात्रीपर्यंत भांडत होतो की आपले व्यवस्थापक डॅन विल्सन यांनी त्या वेळी बझार्डोऐवजी आपला भरवशाचा गोलंदाज आंद्रेस मुन्योझला का आणले नाही. मुन्योझला आणायला हवे होते, हे माझे मत आजही बदललेले नाही. पण हा वाद कधी मिटणारा नाही, कारण मुन्योझ आला असता तर काय झाले असते, हे कोणालाच कधी कळणार नाही, आणि झोप मात्र रोज जाते. मी दोन्ही गट बंद केले. मग एका रविवारी, भर दिवसा, मुलीला शेजारी बसवून ती सातवी इनिंग पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत पाहिली. अंधारात अर्धवट आठवणारा फटका जेवढा छळतो, तेवढा उजेडात सलग पाहिलेला छळत नाही, असा निदान माझा अनुभव आहे. त्यानंतर रेडिओची ती वेळ मोकळी राहू दिली नाही. जेवणाआधी आम्ही दोघे कॅरम खेळू लागलो.

1 नोव्हेंबरला टोरोंटोही वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये 5-4 असा हरले. मला आनंद होईल असे वाटले होते, तो झाला नाही. पराभवानंतर त्यांच्या व्लादिमीर गेरेरो ज्युनिअरच्या डोळ्यांत पाणी दिसले, तेव्हा मुलीनेच टीव्ही बंद केला.

झोप आणि जेवण अजूनही बिघडलेले असेल तर संकोच न करता डॉक्टरांशी बोला. घरच्यांशी मात्र वाद घालू नका. त्यांना टोरोंटोविरुद्धच्या त्याच मालिकेतल्या, 17 ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यातली आठवी इनिंग आपल्याबरोबर पाहायला बसवा, ज्यात रॉलीच्या होम रनने बरोबरी झाली आणि मग तिन्ही बेस भरलेले असताना युहेनिओ सुआरेझने चेंडू मैदानाबाहेर पाठवला. मी माझ्या आईला ती दाखवली. तिला बेसबॉलचे नियम माहीत नाहीत. सुआरेझ धावत होम प्लेटपर्यंत, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेपर्यंत, येईतो ती सोफ्यावरून उठून उभी राहिली होती.