लोकशाहीत फॅसिस्ट हुकूमशाही सत्तेवर येते तरी कशी? लोकच तिला निवडून देतात का?

अर्धंच खरं आहे ते. लोक मतं देतात, पण बहुमत देत नाहीत. निदान इटली आणि जर्मनीत तरी दिलं नव्हतं. जर्मनीतल्या नाझी पक्षाची मतं पाहा: मे १९२८ मध्ये २.६ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३, जुलै १९३२ मध्ये ३७.३ आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये घसरून ३३.१. त्या शेवटच्या निवडणुकीत वीस लाखांच्या आसपास मतं आणि ३४ जागा गेल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९३३ ला, हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला. म्हणजे ओहोटी लागलेली असताना. म्हणून मतं कुठून आली यापेक्षा सत्तेची किल्ली कोणी त्याच्या हातात ठेवली, हे आधी पाहावं.

मतांची कारणं तुम्ही वाचली असतीलच: हरलेलं युद्ध, मंदी, १९३२ च्या सुरुवातीला साठ लाखांवर बेरोजगार. पण मंदी इंग्लंड-अमेरिकेतही होती. जर्मनीत वेगळं हे झालं की संसद हिटलर येण्यापूर्वीच बाजूला पडली होती. राज्यघटनेच्या कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत वटहुकूम काढता येत. १९३० मध्ये संसदेनं ९८ कायदे केले आणि असे वटहुकूम निघाले ५. १९३२ मध्ये कायदे ५, वटहुकूम ६६. हे करणारे हिटलरआधीचे चान्सलर ब्रूनिंग, पापेन नाझी नव्हते. संसदेशिवाय कारभार चालतो, याची सवय देशाला त्यांनीच लावली.

पापेननं आणखी एक काम करून ठेवलं. २० जुलै १९३२ ला त्यानं कलम ४८ वापरूनच प्रशिया राज्याचं सोशल डेमोक्रॅट (मवाळ समाजवादी) सरकार हटवलं. प्रशिया म्हणजे देशाचा जवळजवळ तीन पंचमांश भाग, आणि तिथले पोलीस हे प्रजासत्ताकाचं सर्वांत मोठं संरक्षण. पुढे जानेवारीत हिटलरला चान्सलर करा म्हणून वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला पटवणाऱ्यांतही पापेनच होता. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, बाकी सगळे जुने रूढिवादी. तेव्हा हा माणूस आपल्या मुठीत राहील, असा हिशेब. पण हिटलरखेरीजच्या त्या दोन नाझींकडे काय होतं? फ्रिककडे देशाचं गृहखातं आणि ग्योरिंगकडे प्रशियाचे पोलीस. अशा आघाड्यांत खाती मोजायची नसतात, पोलीस कोणाकडे ते पाहायचं असतं. फेब्रुवारीत ग्योरिंगनं पक्षाच्या दंडेलांसह सुमारे ५० हजार माणसांना सहायक पोलीस करून टाकलं. काल रस्त्यावर मारहाण करणारा आज कायद्यानं अटक करू लागला.

पुढचं सगळं कागदोपत्री रीतसर झालं, आणि गंमत (गंमत कसली!) तिथेच आहे. २७ फेब्रुवारीला संसदभवन जळालं. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघून भाषण, मुद्रण, सभा, टपालाची गुप्तता, घरझडतीपासूनचं संरक्षण हे हक्क स्थगित झाले. ५ मार्चच्या निवडणुकीत इतकी दहशत असूनही नाझींना ४३.९ टक्केच मतं पडली. मित्रपक्ष धरून ६४७ पैकी ३४० जागा. साधं बहुमत झालं. पण सरकारला संसदेविना कायदे करू देणाऱ्या विधेयकासाठी दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांची दोन तृतीयांश मतं हवीत. मग ८१ कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नाही. विरोधक बहिष्कार घालून गणपूर्ती मोडतील म्हणून विनापरवानगी गैरहजर तो हजरच समजावा, असा नियम करून घेतला. तरी मतं कमीच होती: २३ मार्चला ५३८ जणांनी मत दिलं, म्हणजे हवी होती ३५९. उरलेली मुख्यतः कॅथलिक सेंटर पक्षानं तोंडी आश्वासनांवर विश्वास ठेवून दिली. निकाल ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळी ९४ मतं सोशल डेमोक्रॅटांची. १४ जुलैपर्यंत नाझींखेरीज दुसरा पक्ष काढणं हाच गुन्हा झाला.

इटलीत क्रम थोडा निराळा, किल्लीवाले तेच. १९२१ मध्ये पंतप्रधान जोलिट्टीनं फॅसिस्टांना आपल्या निवडणूक आघाडीत घेतलं आणि त्यांचे ३५ जण ५३५ च्या सभागृहात पोहोचले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांच्या टोळ्या रोमकडे निघाल्या तेव्हा लष्करी कायद्याच्या हुकमावर राजानं सही केली नाही. त्यांचा नेता मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीनं सरकार बनवायला आला, आणि त्याच सभागृहानं त्याला ३०६ विरुद्ध ११६ असा विश्वास दिला. १९२३ मध्ये कायदा झाला: पहिल्या क्रमांकाच्या यादीला २५ टक्के मतं मिळाली तरी दोन तृतीयांश जागा. त्या कायद्यानुसार १९२४ मध्ये झालेल्या निवडणुकीतल्या दहशतीबद्दल संसदेत बोलणाऱ्या समाजवादी खासदार मात्तेओत्तीचा जून १९२४ मध्ये खून झाला. विरोधक निषेध म्हणून सभागृह सोडून बाहेर बसले, राजा पाठीशी उभा राहील या आशेवर. तो राहिला नाही आणि सभागृह आयतंच मोकळं झालं.

जर्मनीत विरोधकांत फूटही होती. नोव्हेंबर १९३२ मध्ये कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट मिळून २२१ जागा होत्या, नाझींच्या १९६. पण कम्युनिस्टांच्या लेखी सोशल डेमोक्रॅट हेच ‘सोशल फॅसिस्ट’.

उलट उदाहरण बेल्जियमचं. १९३६ मध्ये डग्रेलच्या फॅसिस्ट वळणाच्या रेक्स पक्षानं २१ जागा मिळवल्या. पुढच्या वर्षी त्यानं ब्रुसेल्समध्ये मुद्दाम पोटनिवडणूक घडवून आणली. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट अशा सगळ्यांनी मिळून एकच उमेदवार दिला, खुद्द पंतप्रधान व्हान झीलांड. कॅथलिकांच्या कार्डिनलनंही डग्रेलविरुद्ध उघड भूमिका घेतली. डग्रेलला सुमारे १९ टक्के मतं पडली, आणि १९३९ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाकडे चारच जागा उरल्या.