ओकचं जंगल वाचवायचं, तर अमेरिकेत सरकारी जमिनीवरची झाडं तोडतात कशाला?

कारण ओकचं रोप सावलीत वाढत नाही. पेनसिल्व्हेनियात शिकारखात्याच्या ताब्यात सुमारे 15 लाख एकर सार्वजनिक जमीन आहे, बहुतेक जंगलच. तिथे वर जुने ओक, पण खाली बघावं तर सगळी लाल मेपलची पोरं! मेपलला सावली चालते. पूर्वी अधूनमधून वणवे लागायचे, त्यात मेपल मरायचा. विसाव्या शतकात वणवे बंद केले आणि मेपलचं फावलं.

ओकचं रोप आधी मुळावर ताकद खर्च करतं. वीतभर रोप वरून जळालं तरी मातीखालच्या डोळ्यातून पुन्हा फुटतं. म्हणून आधी थोडी झाडं काढून उजेड आत घेतात, रोपं धरली की ठरवून आग लावतात आणि मग वरची बरीच झाडं उतरवतात. हरणं कोवळे शेंडे खातात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कुंपणही घालावं लागतं. (सागाचंही असंच, उजेड नसेल तर रोप रखडतं.)

तोडलेला पट्टा पहिली काही वर्षं भकास दिसतो, लोक चिडतात. पण त्याच झुडपांत सोनपंखी वॉर्बलर हा छोटा पक्षी जमिनीवर घरटं करतो. सरसकट तोड मात्र मलाही पटत नाही. खाली ओकची रोपंच नसतील तर ती नुसती लाकूडतोड.