विमानतळावर काम करायचे असेल, तर गणित सोडू नये

सप्रेम नमस्कार.

वाळवा तालुक्यातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे, कराडच्या विमानतळावरील लहान विमाने पाहिल्यापासून तिला याच क्षेत्रात जायचे आहे आणि मेकॅनिक इंजिन उघडून नेमके काय पाहतात, असे ती सतत विचारत असते, हे आपण कळवले आहे. गणित जड जाते म्हणून ते सोडून जीवशास्त्र ठेवावे, आणि बारावीनंतर एका खासगी संस्थेची दीड लाख रुपये शुल्काची विमानतळ व्यवस्थापन पदविका घ्यावी, असा घरात विचार चालू आहे.

पदविकेचे पैसे आत्ता भरू नयेत आणि गणित तर मुळीच सोडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा पदविकांमध्ये मुख्यतः तिकीट तपासणे, सामान स्वीकारणे ही काउंटरवरील कामे शिकवतात. कराडची धावपट्टी सुमारे 1,280 मीटर लांबीची आहे; मोठ्या प्रवासी विमानांना ती पुरत नाही. लहान विमानतळावर माणसे मोजकी असतात आणि त्यांचा संबंध प्रवाशांपेक्षा विमानाशी व धावपट्टीशी अधिक येतो. पहिल्या उड्डाणापूर्वी धावपट्टीवर खडे, कुत्री किंवा पक्ष्यांचे थवे नाहीत ना, हे फिरून पाहावे लागते. पंखाखालच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून ते उजेडात धरतात, कारण इंधनात पाणी असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी बसते, आणि तेच पाणी इंजिनात गेले तर विमान हवेत असताना इंजिन बंद पडू शकते. आपल्या मुलीची ओढ या कामाकडे आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

या कामाचा रीतसर मार्ग म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा परवाना. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता असलेल्या संस्थेतील प्रशिक्षण, विषयवार परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव पूर्ण झाल्यावरच तो मिळतो. पुढे हवाई वाहतूक नियंत्रणाकडे जावेसे वाटले, तर भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी घ्यावी लागते. ती सांगलीत राहूनही घेता येईल, आणि त्यानंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची स्पर्धा परीक्षा देता येते. वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठीही बारावीचे भौतिकशास्त्र व गणित आवश्यक आहे. शिवाय किमान 200 तासांचे उड्डाण करावे लागत असल्याने खर्च अनेक लाखांत जातो. तो विचार झालाच, तर शुल्क भरण्याआधी डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

थोडक्यात, तिन्ही वाटांवर गणित आडवे येते. ते कोणत्या प्रकरणापासून जड जाऊ लागले, हे तिच्या शिक्षकांसोबत बसून शोधावे. पुष्कळदा अडचण दहावीच्या त्रिकोणमितीतच राहिलेली असते, आणि सुट्टीत नेटाने अभ्यास केल्यास ती भरून निघते. देखभाल प्रशिक्षणाची संस्था निवडताना तिचे नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि मान्यतेची मुदत चालू आहे का, हे स्वतः तपासावे. माहितीपत्रकावर विसंबू नये. पुढील पत्रासोबत तिच्या सहामाही परीक्षेतील गणिताची उत्तरपत्रिका पाठवल्यास मला अधिक नेमके सांगता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक